हेड^२ आणि हेड~२: गिटची ही खुणांची भाषा नक्की कुणाच्या सोयीची?

टिंबटिंब
परवा टीममधल्या नव्या मुलीला फोनवर सांगत होतो, "शेवटच्या कमिटच्या आधीची बघ, हेड^ टाक." (गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं; एक नोंद म्हणजे कमिट, आणि हेड म्हणजे सध्याची शेवटची.) तिच्याकडे विंडोजचा जुना काळा कमांड प्रॉम्प्ट. तिथे ओळीच्या शेवटी ^ आलं की "आज्ञा अजून संपलेली नाही" असा अर्थ होतो. तो आपला "मोअर?" विचारत बसला. म्हटलं, बरं, दोन मागची बघ, हेड^^. इथे तर कहर! दोन ^ चं एकच होऊन गिटपर्यंत पोचतं, एकच पायरी मागे जातो आणि चूक झाली हे कळतही नाही.

सबव्हर्जनमध्ये, म्हणजे याच कामाच्या जुन्या साधनात, आर१२३४ (१२३४ क्रमांकाची नोंद) म्हटलं की विषय संपायचा. सरळ चढते आकडे द्यायला यांचं काय जात होतं?

आजोळकर
आकडा रांगेतल्या माणसाला देतात हो, नात्याला नाही. मर्ज कमिटला, म्हणजे दोन शाखा जोडणाऱ्या कमिटला, दोन पालक (लगेच आधीच्या कमिट) असतात. हेड^१ म्हणजे वडील, हेड^२ म्हणजे आई. हेड~२ म्हणजे वडिलांचे वडील, आणि हेड^२~१ म्हणजे आईचे वडील. आजोळी जायचं तर आधी आईकडूनच वाट, बस्स. एवढं समजलं की पाठ करायला काही उरत नाही.

टिंबटिंब
उपमा झकास. पण लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये ६६ पालकांचा एक मर्ज आहे, त्याचं आजोळ कुठलं ते सांगा. :)

जुनी फाइल
सबव्हर्जनवर मीही बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा आठवणींना जरा आवरा. तो आकडा अख्ख्या रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या पूर्ण साठ्याचा असायचा. शेजारच्या फोल्डरमध्ये कुणी स्वल्पविराम बदलला तरी वाढायचा. आणि डिफला (फरक दाखवणारी आज्ञा) १२०:१२५ दिलं की १२० चा बदल त्यात नाही, १२१ पासून पुढचे. नेमकी १२० च हवी असलेला माणूस दरवेळी फसायचा.

शिवाय आकडे वाटणारा एक मध्यवर्ती सर्व्हर लागतो. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण प्रत. आकडे वाटणार कोण? मर्क्युरियल या अशाच दुसऱ्या साधनाने दोन्ही ठेवून पाहिलं, हॅशही (कमिटची लांबलचक अक्षरी-आकडी ओळख) आणि आकडाही. पण तो आकडा त्या त्या प्रतीपुरताच. माझी ५७ आणि तुमची ५७ वेगळी निघू शकते. फोनवर सांगून बघा!

टिंबटिंब
हे मान्य. आकड्यांचा हट्ट सोडला. पण खुणा तरी धड निवडायच्या! जुजुत्सू या नव्या साधनात आधीच्या कमिटला @- लिहितात, शेलशी, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रॉम्प्टशी, झगडा नाही. तिथल्या बदलांच्या ओळखखुणेत इंग्रजी वर्णमालेतली के ते झेड एवढीच अक्षरं येतात, म्हणजे हॅशशी गल्लत होत नाही. विचार केला तर जमतं.

आजोळकर
जुजुत्सू कालचं पोर. २००५ मध्ये गिट लिहिणारे विंडोजच्या प्रॉम्प्टचा विचार कशाला करतील? ~ वापरा, हेड~१ आणि हेड^ एकच. दुसरा पालक हवाच असेल तर हेड^२ दुहेरी अवतरणात टाका, विंडोजही मुकाट्याने ऐकतो.

जुनी फाइल
^ वर एवढं रामायण, आणि खरा घोळ टिंबांचा आहे, तो कुणी काढलाच नाही. लॉगला (कमिटची यादी देणारी आज्ञा) मेन..फीचर, म्हणजे मुख्य शाखा आणि आपली शाखा, दिलं तर फीचरमध्ये आहेत पण मेनमध्ये नाहीत अशा कमिट. डिफला तेच दिलं तर दोन टोकांमधला सरळ फरक. तीन टिंबं दिली तर लॉग दोन्हीकडच्या वेगळ्या कमिट दाखवतो, आणि डिफ मात्र फाटा फुटला तिथपासून फीचरपर्यंतचा बदल. म्हणजे "माझ्या शाखेत काय केलं" हे बघायला लॉगला दोन टिंबं आणि डिफला तीन. गिटची कागदपत्रंच सांगतात की डिफ दोन टोकांची तुलना करतो, पट्ट्याची (मधल्या कमिटच्या रांगेची) नाही. मग पट्ट्याचीच खूण तिथे कशाला?

आजोळकर
याला माझ्याकडे उत्तर नाही. मीही डिफला दोन टोकं मध्ये जागा सोडूनच देतो.

टिंबटिंब
नाव टिंबटिंब ठेवून मीच हे विसरलो होतो! उद्या त्या मुलीला परत फोन. ~ सांगतो, आणि टिंबांचं तोंडी नको, चॅटवर लिहूनच पाठवतो.