फ्लॉपीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अजून कशाला?

फतेगंजकर (धागा)

मंडळी, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, फ्लॉपी चालवणारा कोड (ड्रायव्हर) अजून आहे. विषय किरकोळ वाटेल, पण वाद घालण्यासारखा आहे.

ऑफिसातला एक व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर, परवा रीस्टार्ट केला. बूट होताना स्क्रीनवर ओळ आली: एफडी० (लिनक्समधलं पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हचं नाव) वर आय/ओ एरर, सेक्टर ०. या व्हर्च्युअल मशीनला कोणी कधी फ्लॉपी दाखवलेली नाही, आणि ज्या खऱ्या सर्व्हरवर ते चालतं त्यालाही ड्राइव्ह नाही. मग वाचायला कोण गेलं, आणि कुठे?

झालं असं की फ्लॉपी ड्राइव्ह आपली ओळख स्वतः सांगत नाही. यूएसबीची वस्तू लावली की ती आपलं नाव-गाव सांगते. फ्लॉपीच्या ३४ पिनांच्या पट्टीत ती सोयच नाही. त्यामुळे ड्रायव्हर सीमॉसला, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या छोट्या मेमरीला, विचारतो. तिथल्या १० हेक्स या जागेवरच्या बाइटमध्ये वरचे चार बिट ए ड्राइव्हचे, खालचे चार बी ड्राइव्हचे. ४ असेल तर १.४४ एमबी. व्हर्च्युअल मशीनच्या सीमॉसमध्ये ४ लिहिलेलं होतं, लिनक्सने विश्वास ठेवला आणि नसलेली फ्लॉपी फिरण्याची वाट बघत बसला.

माझं मत: हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधून काढावा. ज्याला हवा त्याने वेगळा मोड्यूल बाहेरून बांधून घ्यावा. २०१९ च्या जुलैत त्याची देखभाल करणाऱ्या यिरी कोसिनांनी हात वर केले, कारण चालू स्थितीतला ड्राइव्हच त्यांच्याकडे उरला नव्हता. म्हणजे सुमारे पाच हजार ओळींचा कोड, आणि तपासायला यंत्र नाही! बरं, तो निरुपद्रवी असता तर पडू दे म्हटलं असतं. पण २०१४ मध्ये थेट कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला, आदेश पाठवायच्या सोयीतून साधा यूझर रूट (सर्वाधिकारी) होऊ शकेल असं भोक सापडलं. २०१९ मध्ये फॉरमॅटच्या आकड्यांत शून्याने भागाकार. २०२२ मध्ये पुन्हा त्याच थेट-आदेशाच्या वाटेत मोकळी केलेली मेमरी वापरल्याची चूक, आणि शेवटी ती वाटच मुळात बंद ठेवायचं ठरलं. वापर नाही आणि भोकं आहेत, तर ठेवायचं कशासाठी?

मकरपुरा_रात्रपाळी

साहेब, एकदा जीआयडीसीत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, या. एसी ऑफिसात बसून "वापर नाही" म्हणणं सोपं आहे.

आमच्याकडे नव्वदच्या दशकातलं मिलिंग मशीन आहे. बेड शाबूत, स्पिंडल शाबूत, कंट्रोलर जुना. प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच घेतो आणि त्याला ७२० केबीचीच फ्लॉपी लागते. ती आता कुठे मिळणार? म्हणून १.४४ ची घ्यायची, राइट-प्रोटेक्टच्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात जे दुसरं भोक असतं त्यावर चिकटपट्टी लावायची. ड्राइव्हमधली छोटी दांडी ते भोक बंद आहे असं समजते, आणि ७२० ने फॉरमॅट होते. पट्टी नीट दाबून बसवायची, नाहीतर आत सुटते आणि मग चिमटा घेऊन बसा. शेठला नवा कंट्रोलर सुचवला की एकच उत्तर: "चाले छे ने? तो पछी!"

तुम्ही ड्रायव्हर काढा, आम्ही प्रोग्रॅम खिशात घालून नेतो.

फतेगंजकर

@रात्रपाळी, एकच विचारतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी लिहिता ती कोणत्या ड्राइव्हने?

मकरपुरा_रात्रपाळी

यूएसबीच्या. अजून कोणता मिळतो?

फतेगंजकर

मग ज्या ड्रायव्हरबद्दल मी बोलतोय त्याचा तुमच्याशी काहीच संबंध नाही. यूएसबी फ्लॉपीच्या डबीत कंट्रोलर आतच असतो. मोटर, हेड, ट्रॅक सगळं तोच बघतो. लिनक्सला ती पेन ड्राइव्हच्या जातीची वस्तू दिसते, नाव एसडीए किंवा एसडीबी असं मिळतं, एफडी० नाही. त्यावर यूएफआय नावाचे ठरावीक आदेश जातात: इतक्या नंबरचा ब्लॉक वाच, इतक्या नंबरचा लिही. जुना ड्रायव्हर उद्या गेला तरी तुमचं मशीन परवा चालूच असेल. आणि मशीनच्या आतला कंट्रोलर स्वतःचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला लिनक्स कर्नलमध्ये काय चाललंय याचं सोयरसुतक नाही.

मकरपुरा_रात्रपाळी

तेवढं पटलं. पण यूएसबीची डबी ७२० आणि १.४४ पलीकडे फारसं काही जाणत नाही. शेजारच्या शेडमध्ये एक मशीन आहे, त्याच्या फ्लॉपीवर ट्रॅकमागे सेक्टर वेगळ्याच संख्येने आहेत. डबी ती बघते आणि सरळ "डिस्क नाही" म्हणते. त्यासाठी टेबलाखाली जुना पेंटियम ठेवलाय, मदरबोर्डवर खरी ३४ पिनांची जागा असलेला. त्याच्यावर तुमचाच एफडी० चालतो. आता बोला.

फतेगंजकर

बोलतो की. त्या पेंटियमवर नवं कर्नल तुम्ही कधी टाकणार आहात? नेटला जोडलेला नाही, अपडेट होत नाही, जे आहे ते तसंच राहणार. पुढच्या वर्षीच्या कर्नलमधून काही काढलं तर त्याला कळणारही नाही.

ट्रॅक_शून्य

फतेगंजकर, तुमचा मुद्दा वकिली आहे, पण आत डोकावून बोलू.

या ड्रायव्हरला लोक "जुना, साधा" समजतात. जुना आहे, साधा अजिबात नाही. आजची एसएसडी स्वतः शहाणी असते. फ्लॉपीचा कंट्रोलर म्हणजे १९७० च्या दशकातल्या एनईसी ७६५ चिपची वंशावळ, आणि त्याला प्रत्येक गोष्ट हाताला धरून शिकवावी लागते. एक सेक्टर वाचायचा तर आधी ३एफ२ हेक्स पोर्टवर लिहून मोटर चालू करा. मग जवळजवळ अर्धा सेकंद थांबा, तबकडी ३०० फेऱ्यांच्या गतीला यायला हवी. हेड कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्याला शून्याव्या ट्रॅकवर परत बोलवा. आणि इथे गंमत. मूळ चिप "परत ये" या आदेशात जास्तीत जास्त ७७ पावलं मागे सरकवते, कारण ८ इंची फ्लॉपीला ट्रॅक ७७ होते. आपल्या साडेतीन इंचीला आहेत ८०. हेड अगदी आतल्या टोकाला असेल तर ७७ पावलांत शून्य गाठत नाही, चिप चूक कळवते, आणि ड्रायव्हरने न डगमगता तोच आदेश दुसऱ्यांदा द्यायचा असतो. हे ज्याला माहीत नाही त्याचा ड्रायव्हर दहातून एखाद्या वेळी उगाच रुसतो.

पुढे वाचायचा आदेश: नऊ बाइट, एकामागून एक, दर वेळी चिप तयार आहे का ते विचारून. डेटा येतो सेकंदाला ५ लाख बिट, म्हणजे दर १६ मायक्रोसेकंदांना एक बाइट. तो उचलायला डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा मेमरीत नेणारी सोय) २ नंबरचा चॅनेल, आणि त्याची अट अशी की बफर पहिल्या १६ एमबीत हवा आणि ६४ केबीची सीमा ओलांडता कामा नये. काम झालं की सहा नंबरचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, मग निकालाचे सात बाइट वाचून काढा. एक जरी राहिला तरी चिप पुढचं ऐकत नाही. आणि सेक्टर हुकला तर पुढची संधी एका फेरीनंतर, २०० मिलिसेकंदांनी. म्हणूनच लिनक्सचा ड्रायव्हर एक सेक्टर मागितला तरी अख्खा ट्रॅक बफरमध्ये ओढून ठेवतो. शहाणपणा आहे हा, कचरा नाही.

डिस्क बदलली हे कसं कळतं? एक तार असते. दार उघडून फ्लॉपी काढली की ती खूण लागते आणि आत फ्लॉपी असताना हेड एक पाऊल हलवल्याशिवाय उतरत नाही. फार जुन्या ३६० केबीच्या ड्राइव्हना ही तारही नव्हती. तिथे डॉसचा अंदाज: दोन सेकंदांच्या आत माणूस फ्लॉपी बदलू शकत नाही, तेवढा वेळ जुनीच धरून चाला!

हे सगळं चालतं-बोलतं एका जागी लिहिलेलं आहे ते त्या पाच हजार ओळींत. डेटाशीट "काय करा" सांगते. कोणत्या चिपने काय त्रास दिला ते डेटाशीटमध्ये नसतं.

फतेगंजकर

अप्रतिम लिहिलंत, आणि माझ्याच बाजूने लिहिलंत. इतकं नाजूक वेळापत्रक, आणि तपासायला खरा ड्राइव्ह नाही. उद्या कर्नलमध्ये टायमरची किंवा लॉकिंगची पद्धत बदलली की कोणीतरी या फायलीतही हात घालणार, कंपाइल झालं की पुढे जाणार. बरोबर चाललंय की नाही हे सांगणार कोण? म्युझियममध्ये ठेवायची वस्तू स्वयंपाकघरात कशाला? कोडचे सगळे जुने बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासातून ती कुठेही जात नाही, ज्याला वाचायची त्याने वाचावी.

शिकाऊ_कमाटीबाग

मध्ये बोलतो, माफ करा. मी सेमिस्टरसाठी क्यूएमूवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, बूट फ्लॉपी इमेजवरून. रीसेट केल्यावर इंटरप्ट एकदा येतो आणि नंतरचा प्रत्येक आदेश अडकतो. कोणी सांगेल का?

ट्रॅक_शून्य

रीसेटनंतर "इंटरप्ट कशाचा होता" हा आदेश एकदा नाही, चार वेळा द्यायचा. कंट्रोलर चार ड्राइव्ह धरून चालतो, तुझ्याकडे एक असला तरी. आणि बघा फतेगंजकर, हा मुलगा गिटचा इतिहास उकरत बसणार होता का?

रावपुऱ्याचे_नाना

व्हेनम नावाच्या भोकाचं कोणी नावच काढलं नाही अजून. २०१५ च्या मे महिन्यात तेच तर झालं होतं. फ्लॉपीच्या कोडमधल्या बफरमधून व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर उडी मारता येत होती. क्लाउडवाल्यांची धावपळ उडाली. आणि फ्लॉपी बंद केली तरी तो कोड आत जागाच राहत होता. एवढ्यावर काढून टाका म्हणायला पुरे आहे.

ट्रॅक_शून्य

नाना, तुम्ही मोठे आहात, पण चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. व्हेनमची चूक क्यूएमूमध्ये होती, म्हणजे फ्लॉपी कंट्रोलरचं सोंग घेणाऱ्या कोडमध्ये. पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या, मशीनने आदेशांचे बाइट ठरल्यापेक्षा जास्त ओतले की ५१२ बाइटचा बफर ओसंडायचा. लिनक्सचा ड्रायव्हर तारेच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तो काढला असता तरी हल्लेखोराने स्वतःच पोर्टवर बाइट लिहिले असते, त्याला ड्रायव्हर लागतच नाही.

रावपुऱ्याचे_नाना

टोक कुठलंही असो, फ्लॉपी होती म्हणून दोन्ही टोकं होती.

जुनीडिस्क

मी या मंडळींपैकी कदाचित एकटीच, जिच्याकडे आज खऱ्या फ्लॉप्या खोक्याने पडल्या आहेत. दांडिया बाजारातल्या एका मंडळाचे जुने दिवाळी अंक, डीटीपीवाल्याने दिलेल्या मूळ फायली. मजकूर त्या काळच्या फॉन्टला बांधलेला, तो त्रास निराळा.

बडोद्याच्या पावसाळ्यांनी त्यांचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे. धातूची सरकपट्टी बाजूला केली की तपकिरी तबकडीवर पांढुरके ठिपके दिसतात, बुरशी. ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली की हेड बरबटतो, आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा, तबकडी बोटाने हळू फिरवत. मग वाचायचं.

आता ड्रायव्हरबद्दल. एफडी० ने मी बरंच वाचलं. खराब सेक्टरवर तो पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आणि मग तोंड फिरवतो. मला हवी असते ती न वाचलेल्या जागेवरची कच्ची नोंद. ती तो देऊच शकत नाही, कारण कंट्रोलरने चेकसम (डेटा पडताळायचा आकडा) जुळला नाही म्हणून आधीच निकाल दिलेला असतो. हल्ली मी ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड वापरते. ते जुन्या ड्राइव्हला थेट जोडायचं, ते चुंबकीय बदलांच्या वेळा मोजून यूएसबीने देतं, आणि सेक्टर शोधायचं काम प्रोग्रॅम करतो. चार-पाच फेऱ्यांच्या नोंदी ताडून बघता येतात. त्यात कर्नलचा फ्लॉपी ड्रायव्हर कुठेच नाही.

रात्रपाळी, तुमच्या शेजारच्या शेडमधलं ते विचित्र फॉरमॅटही त्याने निघेल. आणि रोज फ्लॉपी घालायचा कंटाळा आला असेल तर गोटेक बसवा. ड्राइव्हच्या जागी तंतोतंत बसतं, तीच ३४ पिनांची पट्टी, पुढे पेन ड्राइव्ह लावायचा. मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे.

तर माझं मत, जतन करणाऱ्यांच्या नावाने ड्रायव्हर ठेवू नका. आम्हाला तो पुरत नाही.

मकरपुरा_रात्रपाळी

गोटेक शेठच्या कानावर घातलं. किंमत ऐकून गप्प झाले, म्हणजे होकार आहे. पण पेंटियम मी काढणार नाही.

ट्रॅक_शून्य

जुनीडिस्कताईंपुढे माझा आवाज बसला. तरी एक गट राहतोच: व्हर्च्युअल मशीनवाले, म्हणजे खुद्द फतेगंजकर. विंडोज बसवताना उत्तरांची फाइल किंवा डिस्कचा ड्रायव्हर फ्लॉपीच्या इमेजमधून देणारे लोक आहेत, लिनक्स पाहुण्यालाही कोणी इमेज जोडतं. २०१९ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्सनेही हेच लिहिलं होतं: खरे ड्राइव्ह मिळेनासे झालेत, विकले जातात ते यूएसबीचे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्लॉपी अजून आहे, म्हणून ड्रायव्हर जाणार नाही. नंतर डेनिस एफ्रेमोव्ह यांनी जबाबदारी घेतलीही. कर्नलच्या देखभालीच्या नोंदीत दर्जा आहे "जमेल तशा दुरुस्त्या". मला तो प्रामाणिक वाटतो.

फतेगंजकर

म्हणजे जगात जिथे फ्लॉपी नाही तिथेच फ्लॉपीचा ड्रायव्हर सगळ्यात जास्त लागतो. इमेज जोडायला आज आयएसओ (सीडीची इमेज) आहे, व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली व्हर्टआयओची डिस्क आहे. सोंगाच्या फ्लॉपीसाठी ७७ पावलांचा हिशेब कशाला?

ट्रॅक_शून्य

कारण सोंग घेणाऱ्याने पावलंही हुबेहूब घेतली आहेत. असो. तुमची एरर घालवायची तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमधून फ्लॉपी काढा, बायोसमध्येही बंद करा, आणि मोड्यूल चढवणाऱ्या मोडप्रोबच्या यादीत "ब्लॅकलिस्ट फ्लॉपी" अशी ओळ टाकून इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा) नव्याने बांधा. कर्नलमधून काही न काढता काम होतं.

फतेगंजकर

ते त्याच दिवशी केलं. पण ही ओळ प्रत्येक नव्या सर्व्हरवर मी का टाकायची? ज्याला फ्लॉपी हवी त्याने ती चालू करायची ओळ टाकावी.