दुसरी-तिसरीची वजाबाकी: हातात काड्या-गठ्ठे द्यायचे की थेट वहीत शिकवायचं?

ठाणेकर_मास्तर
माझं मत स्पष्ट आहे. काड्या-गठ्ठे हवेतच, आणि ते बाईंच्या टेबलावर नकोत, मुलांच्या हातात हवेत. ५२ − २७ घ्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा: आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे काढले, दोन उरले. पंचवीस. नुसत्या वहीवर शिकलेलं मूल इथे सर्रास ३५ लिहितं, कारण ते उलट सातातूनच दोन वजा करून मोकळं होतं. समोर दोनच सुट्या असल्या की सात आणणार कुठून?

चार मुलांमागे १०० काड्या पुरतात: आठ गठ्ठे बांधून, वीस सुट्या. ४० मुलांना १००० झाल्या. गठ्ठ्यांना रबरबँड लावू नका. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते चिकट होऊन तुटतात. लोकरीचा धागा बरा.

ऐरोली_गणित
मास्तर, ३५ मिनिटांच्या तासात वाटप आणि आवराआवर यातच दहा-बारा मिनिटं जातात. आणि चौघं गोल करून बसली की समोरच्या मुलाला ५३ चे ३५ दिसतात! दशक डावीकडे हे शिकवायला बसलो आणि निम्म्या वर्गाला दशक उजवीकडे दाखवला.

शिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे. पैशांची शाब्दिक उदाहरणं सोडवताना मुलांना नोटा-नाणी हातात दिली, तर बरोबर उत्तरं कमी आली. खेळण्यात लक्ष जातं, दुसरं काय.

ठाणेकर_मास्तर
अभ्यास पुरता सांगा ना. त्यात हुबेहूब दिसणाऱ्या नोटा-नाण्यांनी चुका सर्वांत जास्त झाल्या, हे खरं. पण त्याच मुलांच्या चुकांमध्ये संकल्पनेच्या चुकांचं प्रमाण सर्वांत कमी होतं. मी त्यातून एवढंच घेतो, की साहित्य साधं असावं. रंगीबेरंगी फळं, प्राण्यांची चित्रं नकोत. एकाच रंगाच्या काड्या घ्या.

गोल बसण्याचा मुद्दा मात्र बिनतोड. जोड्या एका बाजूला शेजारी-शेजारी बसवायच्या, समोर ‘दशक | एकक’ अशी आखलेली पट्टी. मग काड्या २००० लागतील, लागू देत.

वाशी_प्राथमिक
दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालंय: मराठी संख्यानामं. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल ३५ लिहितं. ‘एकोणसाठ’ तर त्याहून अवघड. कानावर ‘साठ’ पडतं आणि वहीत ६९ उमटतं. इथे गठ्ठ्यांना तोड नाही. सहा गठ्ठे मांडा आणि एकच काडी काढायला सांगा. गठ्ठा सोडल्याशिवाय ती निघतच नाही. उरतात पाच गठ्ठे, नऊ सुट्या. ५९ पाचाने का सुरू होतो, ते मुलाला तिथल्या तिथे दिसतं.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. ‘त्रेसष्ट’ राहायलाच हवं. पण मग त्या नावाचा अर्थ हाताने कळायला हवा, एवढं तरी मान्य करा.

ऐरोली_गणित
ताई, संख्यावाचनापुरतं मान्य. वजाबाकीपुरतं नाही. वर्गात नेहमी दिसतं ते असं: आधी वीस मिनिटं काड्या, मग त्या पिशवीत, मग वही. मुलाच्या लेखी ही दोन वेगळी कामं. गठ्ठा सोडला म्हणून ५ खोडून ४ लिहिला, हे त्याला उमगतच नाही. ५२ च्या सगळ्या काड्या एक-एक करून मोजणारी मुलं तर तिसरीतही सापडतात. त्यांना काडी म्हणजे दुसरं बोटच झालं.

आणि प्लॅस्टिकचे तयार दशकदांडे? ते सुटत नाहीत, दहा सुट्यांशी बदलावे लागतात. मुलाला ती निव्वळ देवाणघेवाण वाटते. एक दिला, दहा मिळाले!

ठाणेकर_मास्तर
म्हणूनच आधी सुटणारे गठ्ठे, दांडे नंतर. आणि वही काड्यांच्या शेजारी उघडी हवी. एक हालचाल, लगेच एक खूण: गठ्ठा सोडला की ५ खोडून ४, सुट्यांत मिसळला की २ चे १२. जोडीतला एक मांडेल, दुसरा लिहील, पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. एक-एक मोजणाऱ्याला गठ्ठे घट्ट बांधून द्या, सोडायची परवानगी फक्त अडल्यावर.

थांबायचं कधी? मूल गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला टिंब काढून तेच उदाहरण सोडवू लागलं, आणि हातचा कुठून आला हे बोलून सांगू लागलं, की त्याच्यापुरत्या काड्या बंद. मग बाकीचे वापरत का असेनात.

ऐरोली_गणित
मग सुरुवातच रेघा-टिंबांनी करा की! रेघ खोडली, दहा टिंबं काढली. खर्च शून्य, वाटप शून्य, ५० मुलांच्या वर्गातही जमतं.

वाशी_प्राथमिक
रेघेत दहा आहेत हे ज्याने कधी दहा काड्या मोजून बांधल्याच नाहीत, त्याला ती एकच रेघ दिसते. बांधायचं काम मुलांकडूनच करून घ्या, तयार गठ्ठे देऊ नका. नऊ किंवा अकराचा गठ्ठा निघाला तर शेजारच्याने सोडून पुन्हा मोजायचा. या बांधण्यात दोन तास जातील, पण त्यांना पर्याय नाही. त्यानंतर तुमच्या रेघा-टिंबांना माझी हरकत नाही.