थंड खोलीतील टोमॅटोला फुले येतात, पण फळ धरत नाही

प्रश्न (पाचगणी)
दक्षिणेकडील खिडकीलगत कुंड्यांत टोमॅटो लावले आहेत. डिसेंबर लागल्यापासून रोपे हिरवीगार असूनही फुले पिवळी पडून देठासकट गळतात आणि जुन्या पानांच्या खालच्या बाजूस जांभळट छटा दिसते. पहाटे खोलीचे तापमान ११ अंशांपर्यंत उतरते. खताची मात्रा वाढवावी का?

उत्तर (वाई)
कृपया खत वाढवू नका. रात्रीचे तापमान साधारण १३ अंशांखाली राहिले की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फलधारणा न झालेले फूल देठाच्या सांध्यापाशी गळून पडते; अशा वेळी नत्र (नायट्रोजन) दिल्यास केवळ पाला माजतो. पानांचा जांभळेपणाही बहुधा थंडीमुळेच आहे, कारण गार मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) पुरेसे उचलता येत नाही, मग ते कुंडीत कितीही असो. कुंड्या फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवा, सूर्यास्तापूर्वी खिडकी बंद करा आणि रात्री रोपे काचेपासून हातभर आत सरकवा. पाणी सकाळी ऊन आल्यावर आणि वरची बोटभर माती सुकली असेल तरच द्यावे.

उत्तर (सांगली)
वरील सल्ला योग्यच आहे. मात्र बंद खोलीत वारा आणि भुंगे नसतात, हेही ध्यानात घ्यावे. टोमॅटोचे फूल स्वपरागित असले तरी पराग झडण्यासाठी त्याला कंपन लागते. म्हणून दुपारी, हवा कोरडी असताना, फुलोऱ्याच्या देठाला रोज हलकी टिचकी मारावी किंवा विजेवर चालणारा टूथब्रश क्षणभर टेकवावा. ऊन सहा तासांपेक्षा कमी मिळत असेल तर एलईडी दिव्याची जोड देऊन एकूण उजेड १४ ते १६ तास करावा, परंतु दिवा रात्रभर चालू ठेवू नये, कारण अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. खोली रात्री १५ अंशांवर राखता आली, तर याच रोपांना फळे येतील का?

उत्तर (वाई)
होय, नव्या फुलोऱ्यांना येतील. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत एरवी दीड ते दोन महिने लागतात, थंडीत त्याहून अधिक. फळाच्या टोकाला गुलाबी झाक आली की ते तोडून स्वयंपाकघरात पिकू द्यावे; फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. पुढील वर्षी चेरी टोमॅटो लावून पाहा, लहान फळांच्या जाती थंड खोलीत अधिक सहज फळ धरतात.