रुथेनियम-बायनॅप हायड्रोजनेशन: ईई 84 वर अडकलंय, लिगंड बदलू का?

चिंचोळी_आरडी
नमस्कार. मिथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटपासून (आर)-मिथाइल 3-हायड्रॉक्सीब्युटिरेट करतोय. सबस्ट्रेट (सुरुवातीचा पदार्थ) 11.6 ग्रॅम, म्हणजे 100 मिलिमोल. एस/सी (सबस्ट्रेट आणि कॅटॅलिस्टचं मोल-प्रमाण) 1000 धरून रुथेनियम 0.1 मिलिमोल: बेंझीन-रुथेनियम क्लोराइडचा डायमर 50 मिग्रॅ, (आर)-बायनॅप (लिगंड, म्हणजे धातूला धरून राहणारा चायरल फॉस्फीन) 65 मिग्रॅ, सॉल्व्हंट डीएमएफ 2 मिली, आर्गॉनखाली 100 अंशांवर 10 मिनिटं. मग व्हॅक्यूमने डीएमएफ काढून मिथेनॉलमध्ये घेतलं. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भांड्यात) हायड्रोजनखाली 50 अंश, 10 बार. कन्व्हर्जन पूर्ण होतं, पण ईई (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी हव्या असलेल्याचं आधिक्य) फक्त 84 टक्के, आणि काचेच्या लायनरला वरच्या बाजूने काळी कड धरते. बायनॅपऐवजी जोसिफॉस किंवा मिथाइल-ड्यूफॉस हे लिगंड मागवावं का?

जुना_ऑटोक्लेव्ह
लिगंड मागवायच्या आधी तुमचंच वजन परत बघा. डायमरचा (दोन रुथेनियम असलेल्या जोडरेणूचा) रेणुभार 500. 50 मिग्रॅ म्हणजे 0.1 मिलिमोल डायमर खरा, पण त्यात रुथेनियम 0.2 मिलिमोल. बायनॅप (रेणुभार 622.7) तुम्ही घेतलंय 0.104 मिलिमोल. म्हणजे जवळपास निम्म्या रुथेनियमला लिगंडच मिळालेलं नाही. ते हायड्रोजनखाली धातू होऊन लायनरला बसतं, तीच तुमची काळी कड. हा धातूही कीटोनचं रिडक्शन करतो, फक्त रेसमिक, म्हणजे दोन्ही रूपं सारखीच. कन्व्हर्जन पूर्ण आणि ईई कमी, याचा मेळ इथे लागतो.

डायमर 25 मिग्रॅ घ्या, बायनॅप 65 मिग्रॅ तसंच ठेवा (रुथेनियमच्या 1.04 पट). वजन करताना पंखा बंद करा. मे महिन्यात जिवावर येतं, पण 25 मिग्रॅमध्ये 2 मिग्रॅ इकडचे तिकडे झाले की आठ टक्के गेले. डीएमएफमध्ये गरम केल्यावर लालसर तपकिरी, पारदर्शक द्रावण दिसायला हवं. गढूळ किंवा काळपट झालं तर पुढे सबस्ट्रेट वाया घालवू नका.

फॉस्फीनवाली
वरचं बरोबर आहे, पण कारण तेवढं एकच असेल असं धरू नका. बायनॅप डब्यात पांढरं दिसतं म्हणून चांगलंच असतं असं नाही, ऑक्साइडही पांढराच. डीगॅस केलेल्या (विरघळलेला ऑक्सिजन काढलेल्या) सीडीसीएल3 मध्ये फॉस्फरस एनएमआर काढा: बायनॅप -15 पीपीएमच्या आसपास, डायऑक्साइड +28 च्या आसपास. घन बायनॅप हवेत टिकतं, द्रावणात हळूहळू ऑक्सिडाइझ होतं. आपल्या सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे पाण्याची भीती कमी वाटते. ऑक्सिजन मात्र इथेही तेवढाच आहे.

मिथेनॉलमधून आर्गॉन अर्धा-पाऊण तास सोडा, पण फ्लास्क बर्फात ठेवून. लॅब 40 अंशांवर असताना तसंच बुडबुडे काढलेत तर मिथेनॉल उडून जातं आणि कॉन्सन्ट्रेशन बदलतं. सबस्ट्रेटही डीगॅस करा, हे नेहमी राहून जातं. डीएमएफला माशासारखा वास येत असेल तर त्यात डायमिथिलअमीन आहे, ती बाटली बाजूला ठेवा. ही रिअ‍ॅक्शन उलट अ‍ॅसिडच्या अंशाने वेग घेते, 0.1 मोल टक्का एचसीएल असेल तर 40 अंशांवर 50 पीएसआयलाही चालते. म्हणून लायनर काचेचाच हवा, क्लोराइड स्टीलला खातं.

चिंचोळी_आरडी
डायमरचा हिशोब माझाच चुकला, धन्यवाद. ईई एचपीएलसीवर 210 नॅनोमीटरला मोजला होता. आणि इथाइल एस्टरला हीच कृती लावू का?

जुना_ऑटोक्लेव्ह
210 वर या रेणूला सिग्नल असून नसल्यासारखा. ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट करून सायक्लोडेक्स्ट्रिनच्या चायरल जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) कॉलमवर टाका. आधी सोडियम बोरोहायड्राइडने रेसमेट करून दोन्ही पीक सुटे होतात का ते पाहा, नाहीतर 84 या आकड्यालाच काही अर्थ नाही. इथाइल एस्टर असेल तर सॉल्व्हंट इथेनॉल. मिथेनॉलमध्ये एस्टरची अदलाबदल होऊन मिश्रण हाती येतं. इथाइल 4-क्लोरोअ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मात्र वेगळं प्रकरण: साध्या तापमानाला ईई 70 च्या खाली राहतो, 100 अंश आणि 100 अ‍ॅटमॉस्फिअरला पाच मिनिटांत 97 मिळतो. थंड ठेवलं की सिलेक्टिव्हिटी वाढते हा ठोकताळा तिथे उलटा पडतो.

फॉस्फीनवाली
जोसिफॉस, ड्यूफॉसचं राहिलं. मिथाइल-ड्यूफॉस ऱ्होडियमबरोबर डीहायड्रोअमिनो एस्टरसाठी उत्तम, बीटा-कीटोएस्टरसाठी ती पहिली निवड नव्हे. आणि अल्काइल फॉस्फीन असल्याने बायनॅपपेक्षा हवेला कितीतरी नाजूक. तिकडे वळलात तर कॅटायनिक ऱ्होडियम घ्या, क्लोराइड, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि टोल्युइन लांब ठेवा. टोल्युइनची रिंगच ऱ्होडियमला चिकटून बसते. जोसिफॉसचं नाव सिटाग्लिप्टिनमुळे (मधुमेहाचं औषध) सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तिथे सबस्ट्रेट एनामाइन होतं आणि अमोनियम क्लोराइडचा अंश लागत होता. नुसतं लिगंड उचलून तुमच्या कीटोएस्टरवर टाकलं तर पैसे जातील.