माया ट्रेनने पालेंके ते तुलुम: डब्यात बसावं की नाही?

कुळीथपिठी: डिसेंबरात डलासहून आईबाबांना घेऊन आठ दिवस मेक्सिकोला जायचा बेत आहे. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. माझं मत ठाम आहे: भाड्याची गाडी नको, माया ट्रेनच, म्हणजे युकातान द्वीपकल्पात फिरणारी मेक्सिकोची रेल्वे. कॅनकून, चिचेन इत्साचे माया अवशेष, मेरिदा शहर, पालेंकेचे माया अवशेष आणि शेवटी तुलुमचा समुद्र. पाच राज्यांतून जाणारा १,५०० किमीहून मोठा मार्ग आहे. बाबांना खिडकी मिळाली की पैसे वसूल!

उलटा_वारा: खिडकीतून काय दिसणार, मैलोन् मैल सपाट झाडोरा! मेरिदाचं तेया स्टेशन शहराबाहेर आहे. उतरा, पुन्हा बस पकडा, बॅगा ओढा. चिचेन इत्सा मेरिदापासून सव्वाशे किमीच्या आत आहे, गावातूनच बस पकडा की.

कुळीथपिठी: रत्नागिरी स्टेशन तरी कुठे गावात आहे? म्हणून कोकण रेल्वे सोडली का आपण?

उलटा_वारा: रत्नागिरीत रिक्षावाल्याशी मराठीत भांडता येतं. 😄

पाणकावळा: बॅगांचं सोडा हो. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. चुनखडीतून पाणी झिरपतं, खाली गुहा कोरतं आणि त्यांतून वाहतं. जिथे गुहेचं छत कोसळतं तिथे सेनोते, म्हणजे पाण्याने भरलेला नैसर्गिक खड्डा होतो. प्लाया देल कार्मेन ते तुलुम हा टप्पा याच गुहांवरून नेलाय, पोलादी खांब थेट छतं फोडून आत उतरवलेत. गुहांत उतरणारे पाणबुडे बोंबलत होते, कोर्टाने स्थगितीही दिली, तरी काम रेटलंच. मी त्या गाडीत बसणार नाही.

कुळीथपिठी: मान्य, वाईटच झालं. पण १९७० च्या दशकात आखून वसवलेल्या कॅनकूनच्या हॉटेलांत राहायचं आणि राग फक्त रुळांवर काढायचा? मी तिकीट काढलं नाही म्हणून खांब उपटले जाणार आहेत का?

पाणकावळा: आता काय उपयोग, हे प्रत्येक धरणाच्या वेळी ऐकलंय. आणि हॉटेलांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, म्हणून मी कॅनकूनलाही जात नाही.

जुनी_वीट: भांडण चालू द्या, पण पालेंके गाळू नका. माया राजा पाकालची कबर १९५२ मध्ये मंदिराच्या पोटात सापडली, आणि भोवती खरं जंगल आहे. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर चढू देत नाहीत, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. किनाऱ्याला येणारं सारगासम शेवाळ उन्हाळ्यात जास्त असतं, तेव्हा डिसेंबर बरा.

कुळीथपिठी: आभार. चिचेन इत्सा बसने करते, तेवढं उलटा_वारांचं पटलं. मेरिदा-पालेंके मात्र ट्रेननेच. तुलुमच्या टप्प्याचं अजून ठरत नाहीये. आई शाकाहारी आहे, काय खाईल?

जुनी_वीट: मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या. घेवड्याची उसळ घेताना 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) म्हणा, नाहीतर डुकराच्या चरबीची फोडणी मिळेल.