अनुभव धागा: पत्रिका ग्रुपवर टाकलीये, यायचं हं!

मुलीच्या लग्नाआधी केटररने विचारलं, "काकू, पानं किती धरू?" मी मोबाइल उघडला. पत्रिकेखाली 140 अंगठे, 60 जोडलेले हात आणि एका भावजींचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' (ते दुसऱ्या ग्रुपवर जायचं होतं). यातून येणारे कसे मोजायचे? 350 पानं सांगितली, 210 उठली. मसालेभात दोन दिवस वाटत होते. तुमचंही असं काही झालंय का? मुंज, बारसं, साठीशांत, काहीही चालेल.

साताऱ्याहून
पुतण्याच्या मुलाची मुंज. पत्रिका आली ती कुटुंबाच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या दोन फुलांच्या मधे. मी गेलो नाही. नंतर पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही वाचल्याची निळी खूण दिसली होती की!" वाचलं होतं रे. घरी येऊन कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली पत्रिका नको, पण फोन तरी?

पुण्याहून
माझी चूक सांगते. ग्रुपवर बरं दिसत नाही म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, अगदी आपल्यालाच पाठवल्यासारखा. पण ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच तो पोचतो, हे मला ठाऊक नव्हतं. सख्ख्या मामीने नुकताच फोन बदललेला, त्यात माझा नंबरच नाही. तिला लग्न कळलं ते मावशीच्या स्टेटसवर माझी हळद बघून! आईने रात्री साडेदहाला फोन केला. मामी आली, जेवली, आहेरही केला. माझ्याशी बोलली मात्र थेट दिवाळीत.

नेदरलँड्सहून
इथे उलटा किस्सा. सप्टेंबर 2012, हारेन गाव. एका मुलीचं सोळाव्या वाढदिवसाचं फेसबुक निमंत्रण चुकून सगळ्यांसाठी खुलं राहिलं. हजारो पोरं गावात उतरली, दुकानं फुटली, दंगल झाली. तुमचं उरलेल्या भातावर निभावलं, काकू.

ठाण्याहून
आमचं लग्न एप्रिल 2021च्या शेवटी, कोरोनाच्या निर्बंधांत. माणसं 25, वेळ दोन तास, नियम मोडला तर 50 हजार दंड. बाकी सगळे झूमवर. आजीने 'सावधान' ऐकताच नागपुरात लॅपटॉपवर अक्षता टाकल्या. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी चिमट्याने कीबोर्डमधून तांदूळ काढत होता.

नाशिकहून
पत्रिका म्हणून आलेली फाइल एपीके (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) असेल तर उघडू नका. बँक खाती रिकामी करायचा धंदा आहे तो. फसलात तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पुन्हा मी
धाकट्याचं लग्न ठरलंय. यंदा एकेकाला फोन करतेय. काल पाचजणींनी उचललाच नाही. मग एकीचा मेसेज आला, "काय गं, सगळं ठीक ना? फोन केलास?"