हल्लीच्या गाण्यांत तुम्हाला काय सापडतं? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव)

शहापूर, बेळगाव. निवृत्त मराठी शिक्षक

परवा नातवानं स्वयंपाकघरात मोबाईलवर काहीतरी लावून ठेवलं होतं. मी विचारलं, "काय ऐकायलास रे?" तर म्हणाला, "आजोबा, ऐकायचं नसतं ते. नुसतं लावायचं." दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आमच्या घरी रेडिओ एकच. काटा एकीकडं धारवाड, जरा सरकवला की सांगली. सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आजीला धारवाडची कानडी पदं हवीत, वडिलांना सांगलीची भक्तिगीतं. रोजचं भांडण. पण जे लागेल ते हातातलं काम ठेवून ऐकलं जायचं. माझं म्हणणं सरळ आहे: शब्द गेले, ठेका तेवढा उरला. गाणं लगेच सुरू होतं आणि लगेच संपतं. नव्या गाण्यातलं एक कडवं कागदावर उतरवून बघा, लाज वाटते. तुमचं मत वेगळं असेल तर अनुभव लिहा, सिद्धांत नकोत. कधी, कुठं, कुठल्या गाण्यानं तुम्हाला धरलं एवढंच सांगा.

टिळकवाडी. पेटी शिकवते

सर, शब्दांचं नंतर बघू. मला सुरांचं बोलायचंय. क्लासला मुलं येतात, मोबाईलवर एखादी जागा ऐकवतात आणि म्हणतात, "मॅडम, हे पेटीवर बसवा." बसतं. फार पटकन बसतं, गोम तिथंच आहे. ऑटोट्यून नावाचं सॉफ्टवेअर 1997 मध्ये आलं. ते काढणारा अँडी हिल्डेब्रँड हा आधी जमिनीत ध्वनिलहरी सोडून तेलाचे साठे शोधण्याच्या कामातला माणूस. गळा जरा चढला-उतरला की हे सॉफ्टवेअर सूर उचलून जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवतं. दोन स्वरांमधली जी वाट असते, मींडेची, ती पुसली जाते. हे सगळं मी वर्गात तावातावानं सांगत होते, तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "म्हणजे पेटीसारखंच की, मॅडम."

मी गप्प. पेटीवर नेमका हाच आरोप होता. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दार बंद ठेवलं होतं. आणि त्याच पेटीवर कागवाडला जन्मलेल्या पं. रामभाऊ बिजापुऱ्यांनी बेळगावात आख्खं आयुष्य काढलं. 2010 मध्ये ते गेले. त्यांची साथ ऐकली आहे मी. पट्ट्या त्याच बारा, तरी गाणाऱ्याच्या मागून अशा चालायच्या की मधली वाट कानाला आपोआप दिसायची. तेव्हापासून यंत्राला नावं ठेवायचं मी सोडलं. फक्त सगळ्यांचे गळे एकाच लाँड्रीतून इस्त्री होऊन आल्यासारखे का वाटतात, ते कुणीतरी सांगा.

खानापूर, सध्या बेंगळुरू

मराठी माध्यमातला मी. कानडी म्हणजे पेपर सुटण्यापुरतं. 2007 ला पहिली नोकरी बेंगळुरूला लागली. तेव्हा 'मुंगारु मळे' या कानडी सिनेमाची गाणी चहाच्या टपरीपासून बसपर्यंत सगळीकडं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं सोनू निगमनं गायलंय, म्हणजे गाणाऱ्याचीही ती घरची भाषा नव्हे. माझा रूममेट गदगचा. तो म्हणायचा, "तो गातो, तुला बोलायला काय धाड भरली?" रोज रात्री एक ओळ, अर्थासकट. माझं कानडी अजून प्रेमगीताचंच आहे. भाजीवालीशी घासाघीस करताना मधेच पावसाचे शब्द येतात आणि ती हसून दोन रुपये कमी करते.

सर, ते गाणं मी कागदावर उतरवलं होतं, देवनागरीत. वही अजून आहे.

नाव-गाव राहू दे

मी डॉल्बीवाला. शिव्या घालून घ्या, मग पुढं वाचा.

'सैराट' आला 2016 ला. पुढच्याच वर्षी कानडीत 'मनसु मल्लिगे', नायिका तीच रिंकू राजगुरू, संगीत तेच अजय-अतुलचं. मला वाटलं, झालं, आता कानडी वरातीत कानडीच वाजवायचं, लोक खूश होतील. हुक्केरीकडच्या एका लग्नात लावलो. दोन मिनिटं पोरं नाचली, मग नवऱ्याचा मामा फेटा सावरत गाडीपुढं आला आणि ओरडला, "ओरिजनल हाकरी!" म्हणजे 'झिंगाट' लाव, मराठीतलं. त्या वरातीत मराठी धड समजणारे पाच-सहा जण असतील. खरं ओळ आली की सगळे मिळून म्हणायले, चुकीची म्हणायले, जोरात म्हणायले. त्या सिनेमाच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतलाय म्हणतात. माझ्या बॉक्समधून त्यातलं एक व्हायोलिन ऐकू येत नाही, तो भाग वेगळा.

शहापूर, शिक्षक

आमच्या खिडकीच्या काचा हलवणारे तुम्हीच होय! बरं झालं भेटलात.

येळ्ळूर, भजनी मंडळ

एकच ओळ पुन्हा पुन्हा येते म्हणून गाणं वाईट, असं कुणी म्हणू नका बाबांनो. आम्ही एक चरण पाव-पाव तास घोळवतो. फरक एवढाच की आमच्यात दर खेपेला तो दुसरा कुणीतरी उचलतो. कुणी गहिवरून, कुणी टाळ चुकवून. संगणकावर एकदा गायचं आणि तेच बारा वेळा चिकटवायचं, त्यात बाराव्या वेळी कोण थकलेलं असतं? मी तरी नव्या गाण्यात तो थकवा शोधतो. क्वचित सापडतो.

कंग्राळी. बी.ए. दुसरं वर्ष

मी रॅप लिहितो. हसू नका.

पुण्यात एका स्टुडिओत रेकॉर्ड करायला गेलतो. माझी ओळ होती, 'यायचं होतं, खरं बस चुकली'. रेकॉर्ड करणाऱ्यानं थांबवलं. "खरं म्हणजे? बस खरोखर चुकली का?" आमच्याकडं खरं म्हणजे पण, असं सांगितलो. तर म्हणाला, मग 'पण'च म्हण, लोकांना कळलं पाहिजे. म्हटलो, बघू. 'पण' घालून गायलो. ठेक्यात बसलं, उलट जास्त चांगलं बसलं. ऐकायला लागलो तर दुसराच कुणीतरी बोलायलाय. ज्या पोराची बस चुकली तो पोरगाच त्यात नाही. पैसे तासावर चाललेले, मित्र घड्याळ दाखवायलाय, तरी परत 'खरं' घातलो. आता कॉलेजात ती ओळ आली की पोरं तेवढाच शब्द ओरडतात.

आणि सर, छोटी गाणी, लगेच सुरू होणारी गाणी, यावरून आम्हाला बोलता तुम्ही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय एक ऐकणं धरतच नाहीत. म्हणून सुरुवातीचं संगीत कापायचं आणि थेट मुद्द्यावर यायचं. तुमच्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून गाणी तेवढी असायची. मापात तेव्हाही कापतच होते की.

शहापूर, शिक्षक

'खरं' म्हणजे 'पण'. हा शब्द मी चौतीस वर्षं पोरांच्या निबंधांत लाल शाईनं खोडला आहे. तुमच्या वडिलांच्या निबंधातही खोडला असेल, कंग्राळीची बरीच मुलं आमच्याकडं असायची. गाणं पाठवा. नातू लावून देईल.

हल्याळ

मला मत वगैरे नाही. आमच्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडं एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात ट्रॅक्टरवर वाजतात तसली जानपद म्हणजे कानडी लोकगीतं, मराठी लावण्या आणि नवी हिंदी, सगळं एकात एक. त्याची बदली झाली तर मी रडेन. एवढंच.

निपाणी

आई विड्या वळायची. मजुरी हजारावर. घरात घड्याळ नव्हतं असं नाही, मान वर करायला वेळ नसायचा. ती गाण्यावर मोजायची. जुन्या पाच मिनिटांच्या गाण्यात आठ विड्या. आम्हाला वाटायचं आईला गाण्याची काय आवड! दहावीत असताना विचारलं, तुला यातलं कुठलं आवडतं. म्हणाली, "ज्यात मधे नुसती वाजवतात ते." दोन कडव्यांच्या मधे गायला कोणी नसतं, तेव्हा ती पंचवीसचं बंडल बांधून घ्यायची. शब्द सुरू झाले की परत तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची. संथ गाणं लागलं की वैतागायची, हात त्याच्यामागं संथ पडतो म्हणून. कवितेच्या अंगानं सर बोलतात ते मला पटतं. खरं आमच्या घरात गाण्याचा अर्थ संध्याकाळी कारखान्यात माल मोजून देताना निघायचा.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. विड्या सुटून बरीच वर्षं झालीत. पट्टी बांधून कॉटवर पडलेली, आणि माझ्या मुलीनं शेजारी कसलंतरी नवीन गाणं लावलेलं. बघते तर आईची बोटं गोधडीच्या काठावर चाललीत. भरायचं, वळायचं, दोरा. गाणं संपलं, अडीच मिनिटांत. आई म्हणाली, "संपलं? पाचपण झाल्या नाहीत." मुलीला काय कळणार. तिला वाटलं आजीला आवडलं, तिनं परत लावलं.

शहापूर, शिक्षक

कुठलं गाणं होतं ते?

निपाणी

आत्ता विचारलं. पोरगी म्हणते, आठवत नाही, नुसतं लावलेलं.